फर्म्यावर न लिहिलेला धातू

७ नोव्हेंबर, देवास

आधी या वहीची माफी मागतो. इराने ही मला गेल्या वर्षीच्या पाडव्याला दिली होती आणि मी लिहायला बसतोय या वर्षीची दिवाळी उलटून गेल्यावर. एवढा उशीर का, तर भीती वाटत होती. सातवी शिकलेल्या माणसाने रोज काय लिहायचं? चौतीस वर्षं इथल्या फाउंड्रीत लाकडाचे फर्मे केले. फर्मा म्हणजे वस्तूचा लाकडी नमुना. तो रेतीत दाबून पोकळी करायची आणि त्या पोकळीत तापलेला धातू ओतायचा. तिथे माझं लिहिणं म्हणजे फर्म्यावर नंबर, माप आणि धातूचं नाव, एवढंच. पण ते अक्षर लांबून वाचता यायचं. ब्रशने, पिवळ्या रंगात. माझ्या हातचा एकही फर्मा नावाशिवाय रॅकवर गेला नाही. कोणालाही विचारा.

लिहायला बसायचं कारण इराच. माझी नात, माझ्या मुलाची, अनीशची मुलगी. इंदूरला इंजिनिअरिंग करून जुलैपासून वरच्या खोलीत बसून काम करते. कुठल्यातरी मोफत प्रोग्रामवर जगभरचे लोक मिळून काम करतात, त्यात ही एक. सहा महिन्यांची बोली आहे. १२ डिसेंबरपर्यंत हिची सुधारणा त्यांनी घेतली तर ते हिला कायमचं ठेवणार. नाही घेतली तर बंगळूरूच्या एका कंपनीत जायचं, जे काम हिला मुळीच नको आहे. अनीशला ते चालेल. मला चालणार नाही, पण मला कोण विचारतं.

९ नोव्हेंबर

आज इराने मला धरून बसवलं.

"आबा, तुमचं आणि माझं काम एकच आहे."

"उगाच काही बोलू नकोस. सकाळपासून खुर्चीत बसून असतेस, हाताला एक डाग नाही."

"ऐका तर. मी लिहिते ते कंप्युटरला डायरेक्ट समजत नाही. मध्ये एक प्रोग्राम असतो, कंपायलर. तो वाचतो आणि मशीनच्या भाषेत करून देतो. त्याला काही पटलं नाही तर तक्रार लिहितो. मी त्या तक्रारींवर काम करते."

"कमी करतेस?"

"नाही हो. नीट लिहायला शिकवते त्याला."

मग म्हणाली, प्रोग्राममध्येही फर्मे असतात. त्याला ते लोक टेम्पलेट म्हणतात. एकदा कोणी शहाण्याने करून ठेवायचा, मग कोणीही यावं आणि त्यात आपलं सामान ओतावं. आकडे ओता, नावं ओता, तारखा ओता. बरोबर ओतलं तर काम झटक्यात होतं. चुकीचं ओतलं तर तक्रार येते, आणि ती वाचून शिकाऊ मुलं रडायला येतात.

"दाखव," मी म्हटलं.

तिने एक तक्रार छापून आणली. शेजारच्या मननची, तो कॉलेजात दुसऱ्या वर्षाला आहे. त्याने लिहिलेल्या ओळी सहा आणि तक्रारीच्या ओळी दोनशे चौदा! कागदाला कागद चिकटवून पसरला तर झोपाळ्यापासून स्वयंपाकघराच्या दारापर्यंत गेला. माझी सून सुमंगला पोळ्यांचा डबा घेऊन दारात अडकली.

"बाबा, ओलांडून येऊ का, की तुमचं रॉकेट उडेपर्यंत इथेच थांबू?"

इरा म्हणाली, "आबा, तुम्हाला इंग्रजी अक्षरं आणि आकडे येतात. एवढंच शोधा, यात मननच्या फाइलचं नाव कुठे आलंय?"

ड्रॉइंग वाचून वाचून अक्षरं ओळखतो मी. गुडघे टेकून बोट फिरवत निघालो. स्वयंपाकघराच्या उंबऱ्याजवळ सापडलं. ओळ दोनशे नऊ.

"आणि वरच्या दोनशे आठ?"

"त्या सगळ्या फर्म्याच्या पोटातल्या. मननने ओतलं ते आत कुठे कुठे जाऊन शेवटी कुठे अडकलं त्याची कहाणी."

मला हसू आलं आणि रागही. फुकट गेलेल्या मालाचं असलं कार्ड मी लिहिलं असतं तर फोरमनने माझ्याच टाळक्यात घातलं असतं.

१२ नोव्हेंबर

इराने विचारलं, फाउंड्रीत माल फुकट गेला की तुम्ही काय लिहायचात? सांगितलं. माल रद्द झाला की त्याला कार्ड बांधायचं. पहिल्या ओळीत कोणी, कुठे, काय ओतलं. दुसऱ्या ओळीत काय ओतायला हवं होतं. बाकी भट्टी किती तापली, रेती ओली होती का, ते कार्डाच्या मागे, ज्याला हवं त्याने उलटून बघावं. ज्याने ओतलं त्याला आपली जागा पहिल्या ओळीत दिसली पाहिजे.

इरा मान खाली घालून कागदावर रेघा ओढत बसली. मला वाटलं कंटाळली. मग म्हणाली, "आबा, हे तुम्ही मला जुलैमध्ये का नाही सांगितलं?"

आता जुलैमध्ये मला कोणी विचारलं होतं का?

१८ नोव्हेंबर

काम जोरात आहे. तिने कंपायलरला शिकवलंय की तक्रारीची पहिली ओळ ओतणाऱ्याची, दुसरी फर्म्याच्या मागणीची, आणि पोटातली कहाणी झाकून ठेवायची, मागितली तरच दाखवायची. मननची तक्रार आता तीन ओळींत आली. मला मराठीत वाचून दाखवली: "तुमच्या ओळ पाचमध्ये ही यादी फर्म्याला दिली. फर्म्याला कुठेही उडी मारता येईल अशी यादी हवी. ही यादी एकेका पावलाने चालते." मलासुद्धा समजलं.

मनन आणि त्याच्या वर्गातली मुलं मिळून अकरा जणांवर चाचणी झाली. जुन्या तक्रारीत चूक शोधायला कोणाला नऊ मिनिटं, कोणाला बारा. दोघांनी तर नाद सोडला. नव्या तक्रारीत सगळ्यांना मिनिटाच्या आत. मनन म्हणाला, "आबा, ये तो गजब हो गया. पहले तो लगता था कंप्युटर गाली दे रहा है."

"आता काय वाटतं?"

"अब भी देता है, पर प्यार से."

मला बरं वाटलं, खोटं कशाला लिहू. फर्म्याच्या बाबतीत या जिल्ह्यात माझा हात धरणारा कोणी नव्हता, आणि अजूनही नाही असं दिसतं. एकच काळजी. इराने तिकडच्या लोकांना लिहून कळवलं की ही कल्पना माझ्या आजोबांची, ते फर्मे करायचे. त्यांनी माझी डिग्री मागितली तर? इरा म्हणाली, कोणी मागत नाही. तरी सातवीचा दाखला पेटीतून काढून वर ठेवला आहे.

२३ नोव्हेंबर

रविवार. सुमंगलाने गराडू, म्हणजे थंडीत मिळणारा इकडचा कंद, तळले होते. अनीश पीथमपूरच्या कारखान्यात असतो, त्याला एवढा एकच दिवस सुटी. खाता खाता म्हणाला, "इरा, बंगळूरूवाल्यांना जानेवारीची तारीख तरी सांगून ठेव."

"पप्पा, बारा तारखेपर्यंत थांबा ना."

"आणि नाही झालं तर?"

"होणार," मी म्हटलं. "पंधरा आणे झालंच आहे."

अनीश माझ्याकडे बघून हसला. "बाबा, तुम्ही कधीपासून कंप्युटरचे इन्स्पेक्टर झालात?"

"मी इन्स्पेक्टर नाही. मी ज्याने कधी चुकीचा फर्मा दिला नाही तो माणूस आहे."

इराने लिंबू पिळून गराडूची वाटी माझ्यापुढे सरकवली. तिला खात्री आहे. मलाही आहे. तिने ते 'आबांचा नियम' म्हणून भिंतीवर चिकटवलंय: पहिली ओळ ओतणाऱ्याची.

४ डिसेंबर

आज जे झालं ते नीट लिहायला हवं.

शेवटची चाचणी होती. दहा वेगवेगळे प्रोग्राम, मननने एकेक बघायचा आणि चूक दुरुस्त करायची. नऊ झटपट झाले. दहाव्यात इराने मुद्दाम उलटं ठेवलं होतं. तिथे मननची चूकच नव्हती. फर्म्याने जे मागितलं होतं ते त्याने बरोबर दिलं होतं. पण फर्मा करणाऱ्याने आत भलतंच काहीतरी वापरलं होतं, जे बाहेर कुठेच मागितलेलं नव्हतं. दोष फर्म्याचा.

तक्रार आली. पहिली ओळ, माझ्या नियमाप्रमाणे, मननची. त्याच्या ओळीकडे बोट.

मननने वाचलं. डोकं खाजवलं. पुन्हा वाचलं. आणि म्हणाला, "सॉरी दीदी, मेरी ही गलती है. पता नहीं कैसे दिखा नहीं." आणि आपली बरोबर असलेली ओळ पुसून टाकली.

इरा हसली. "अरे, तुझी नाही रे, फर्म्याची आहे. थांब, ती ओळ परत लिही." मग मला म्हणाली, "दहात एक, आबा. हे पुढच्या व्हर्जनला बघू. आता वेळ नाही."

मनन म्हणाला, "मेरी नहीं थी? पर पहली लाइन में तो मेरा ही नाम लिखा था."

मी जेवलो नाही. सुमंगलाला सांगितलं, पोट ठीक नाही.

५ डिसेंबर

सुमंगलाने ताकात हिंग घालून दिलं. प्यालो. ताकाने बरं होणारं नव्हतं.

इरा आनंदात आहे. उद्यापर्यंत सगळं आवरून परवा पाठवून देणार म्हणते, पाच दिवस हातात ठेवून. मी काही बोललो तर तिला मुळापासून पुन्हा करावं लागेल. न बोललो तर दहात एकदाच चुकेल. नऊ वेळा बरोबर. फाउंड्रीत दहात नऊ कास्टिंग चांगले निघाले तर मिठाई वाटायचो आम्ही.

दहावं कोणाचं असायचं, ते मात्र आम्ही विचारायचो नाही.

६ डिसेंबर

लिहून टाकतो. ही वही कोणी वाचत नाही.

१९९१ चा श्रावण. पंपाच्या कव्हरचे दोन फर्मे होते, एक बीडासाठी, म्हणजे ओतीव लोखंडासाठी, आणि एक पोलादासाठी. तापलेला धातू थंड होताना आकसतो, म्हणून फर्मा थोडा मोठा करावा लागतो. पोलाद बीडापेक्षा दुपटीने आकसतं, म्हणून त्याचा फर्मा आणखी मोठा. पण नुसत्या डोळ्यांना दोन्ही जुळे दिसतात. म्हणून तर धातूचं नाव लिहायचं.

बीडाचा फर्मा मी घाईत पुरा केला. संध्याकाळ झाली होती, रंग वाळायला वेळ नव्हता, उद्या नाव घालू म्हणून तसाच रॅकवर मोकळा दिसला त्या खणात ठेवला. उद्या दुसरंच काम निघालं. विसरलो.

दोन महिन्यांनी शिवाजीरावांनी तो उचलला. शिवाजीराव म्हणजे आमचे मोल्डर, रेतीत फर्मा दाबून साचा करणारे. धारचे, आमच्यासारखेच जुन्या काळी पवार सरदारांबरोबर इकडे आलेल्या मराठी घरांपैकी. हात इतका हलका की रेतीची कड कधी ढासळायची नाही. काम पोलादाचं होतं. फर्म्यावर काही लिहिलेलं नाही, पोलादाच्या खणात ठेवलेला, म्हणजे पोलादाचाच. बारा कव्हरं ओतली. चारशे मिलिमीटरच्या कव्हरात चार मिलिमीटर कमी. बाराच्या बारा रद्द.

चौकशी दुसऱ्या दिवशी दहाला होती. मी आठला गेलो. पिवळ्या रंगाने 'बीड' लिहिलं. ओलं दिसू नये म्हणून वरून काळी भुकटी फुंकली आणि अंगठ्याने कडा पुसल्या.

दहाला मॅनेजर सगळ्यांना घेऊन रॅकपाशी आले. शिवाजीराव म्हणाले होते, फर्म्यावर नाव नव्हतं साहेब. मॅनेजरनी फर्मा उजेडात धरला. शिवाजीराव वाकले, वाचलं. पुन्हा वाचलं. आणि म्हणाले, "लिहिलंय की. मग माझंच चुकलं साहेब. मला दिसलं नसेल."

मी तिथेच उभा होतो. कोणी मला काही विचारलं नाही.

महिन्याभरात त्यांना काढलं. जायच्या आधी त्यांनी डोळे तपासून चष्मा करून घेतला, असं ऐकलं. नंतर धारला गेट-ग्रिलचं वेल्डिंग करायला लागले. पंधरा-सोळा वर्षांमागे बदनावरला एका लग्नात दिसले. मी मंडपाच्या दुसऱ्या टोकाला सरकलो, तर तेच शोधत आले. माझा हात धरून लोकांना म्हणाले, "हे भास्करराव. आमच्या फाउंड्रीत यांच्याइतका नीट माणूस दुसरा नव्हता." मी पंगतीला न बसता परत आलो. घरी सांगितलं, बस मिळत नव्हती.

माझ्या हातचा एकही फर्मा नावाशिवाय रॅकवर गेला नाही, असं या वहीत पहिल्याच दिवशी लिहिलं आहे. ते खोडत नाही. हे खाली राहू दे.

७ डिसेंबर

सकाळी चहा घेऊन वर गेलो. इरा पाठवायच्या तयारीत होती.

"आबा, तुम्ही स्वतः चहा आणलात? काय पाहिजे ते सांगून टाका."

"तो भिंतीवरचा नियम काढ."

"का?"

"चुकीचा आहे."

"आबा, टेंशन नका घेऊ. दहात एक..."

"तो दहावा मोल्डर मी पाहिला आहे."

ती खुर्ची फिरवून बसली. मी ठरवलं होतं फर्म्यापुरतंच सांगायचं, आकसण्याचं, दोन जुळ्या फर्म्यांचं. पण तिने मध्येच विचारलं, "मग फर्म्यावर नाव होतं की नव्हतं?" आणि मग सगळंच बाहेर आलं. काळ्या भुकटीपर्यंत. चष्म्यापर्यंत.

मला वाटलं ती काहीतरी म्हणेल, आबा असं कसं, किंवा जाऊ द्या आता. दोन्हींपैकी काही म्हणाली असती तरी मी खाली निघून गेलो असतो. ती म्हणाली, "पण आबा, कंपायलरला कसं कळणार की चूक कोणाची?"

तेव्हा मला बरं वाटलं. कामाचा प्रश्न होता.

"आधी फर्म्यावर लिहिलंय का ते बघायचं. लिहिलंय, आणि ओतणाऱ्याने दुसरंच ओतलं, तर पहिली ओळ ओतणाऱ्याची."

"बरोबर."

"लिहिलंय, ओतणाऱ्याने तेच ओतलं, तरी बिघडलं. तर पहिली ओळ फर्मा करणाऱ्याची. ओतणाऱ्याला सांगायचं, तुझं बरोबर आहे, हात लावू नकोस."

"हे मननचं."

"आणि फर्म्यावर काही लिहिलेलंच नसेल, तर कोणाकडेही बोट दाखवायचं नाही. पहिली ओळ हीच लिहायची, की फर्म्यावर काही लिहिलेलं नाही. मग इथे ओतलं, इथे अडलं, दोन्ही जागा शेजारी शेजारी. माणूस बघून घेईल."

इरा लिहीत होती. मान वर न करता म्हणाली, "जुने बहुतेक टेम्पलेट असेच आहेत, आबा. कशाला काय हवं ते कुठेच लिहिलेलं नाही. दहात एक नाही, अर्ध्याहून जास्त असतील. मी चाचणीला सोपे सोपे घेतले होते."

"पाच दिवसांत होईल?"

"माहीत नाही."

"नाही झालं तर मी अनीशला सांगेन माझ्यामुळे झालं म्हणून."

"पप्पांना काही सांगू नका. चहा गार झाला, दुसरा आणा." मी दारात पोचलो तेव्हा विचारलं, "आबा, ते शिवाजीराव आता कुठे असतात?"

"धारलाच असतील. का?"

"सहज."

९ डिसेंबर

इरा जेवायला खाली येत नाही. सुमंगला ताट वर नेऊन ठेवते आणि येऊन माझ्याकडे बघते. मी काही केलं नाही असं तोंड करून पेपर वाचतो. पेपर परवाचा होता, नंतर लक्षात आलं.

दुपारी मननला बोलावून तिसऱ्या प्रकारची तक्रार दाखवली. त्याने वाचलं आणि म्हणाला, "अच्छा, तो ये मेरे पे नहीं डाल रहा." मग स्वतःहून दोन्ही जागा बघितल्या आणि तीन मिनिटांत सांगितलं काय बिघडलं ते. जुन्या नियमात मिनिट लागलं असतं. इराला दोन मिनिटांची काळजी वाटत होती, तिकडचे लोक वेळ मोजतात म्हणून.

मी म्हटलं, "त्याने ओळ पुसली का?"

"नाही."

"मग झालं तर."

११ डिसेंबर

दुपारी सव्वाचारला पाठवलं. एक दिवस राखून. इराने केस धुतले आणि झोपली.

उतरताना माझ्या टेबलावर पोस्टाचं एक कोरं पाकीट विसरून गेली, तिकीट लावलेलं. आजकालच्या मुलांना पत्र कोणाला लिहायचं असतं कोण जाणे. उठली की परत देईन.

१४ डिसेंबर

उत्तर नाही. मी दर तासाने वर जाऊन विचारतो म्हणून इराने दाराला कागद लावला: "आबा, अजून नाही." तरी ठोठावतो. कागद जुना असला तर?

पाकीट देऊ केलं तर म्हणाली, "राहू दे तुमच्याकडेच, मला नको आहे."

१७ डिसेंबर

आलं! पण मनासारखं पुरतं नाही. आधी नीट लिहितो.

तिघा परीक्षकांनी वाचलं. पहिले दोन प्रकार लगेच घेतले. तिसरा, काहीच न लिहिलेल्या फर्म्याचा, त्यावर दोन दिवस त्यांचा आपसात वाद झाला. एकजण म्हणाला, लोकांना एकच जागा दाखवावी, दोन दाखवल्या तर गोंधळ होतो. दुसऱ्याने लिहिलं, जे आपल्याला माहीत नाही ते माहीत असल्यासारखं सांगू नये. शेवटी तेही घेतलं, पण सध्या ज्याला हवं त्याने चालू करून घ्यावं, अशा अटीवर. पुढच्या उन्हाळ्यात सगळ्यांसाठी चालू करायचं की नाही ते ठरवणार, आणि ते काम इराकडेच दिलं आहे. म्हणजे ती कायमची झाली. बंगळूरू रद्द.

अनीशचा पीथमपूरहून फोन आला. "बाबा, तुम्ही म्हणाला होतात ना, पंधरा आणे." मी म्हटलं, "सोळावा आणा तिने स्वतः घातला. माझा तर खोटा निघाला होता." त्याला कळलं नाही. सुमंगलाने टेकडीवर देवीला नारळ बोलला होता म्हणे, मला कोणी सांगितलं नव्हतं.

इराने परीक्षकांचं एक वाक्य मला वाचून दाखवलं. त्यांनी विचारलं होतं, तिसरा प्रकार तुला कसा सुचला? तिने काय उत्तर दिलं ते मी विचारलं.

"अजून दिलं नाही. त्यात ज्यांचं नाव यायला हवं, त्यांची परवानगी नाही माझ्याकडे."

"माझं घाल की. माझी आहे परवानगी."

"तुमचं नाही, आबा," असं म्हणून ती खाली पोहे करायला गेली.

१८ डिसेंबर

सकाळपासून शिवाजीरावांना पत्र लिहितो आहे. पहिल्यांदा चार पानं झाली. वाचून बघितली तर तब्येत, थंडी, फाउंड्री बंद पडल्याची हकीकत, अनीशची नोकरी, आणि मुद्दा चौथ्या पानावर खालून तिसऱ्या ओळीत. फाडली. दुसऱ्यांदा दोन पानं, ती पण फाडली. आता हे लिहिलं. पत्ता अक्काकडून फोनवर घेतला. माझी ही बहीण धारला त्यांच्याच गल्लीत राहते. का हवा ते तिने विचारलं. सांगितलं.

इराच्या त्या पाकिटात घालून टाकून येतो. त्याआधी इथे उतरवून ठेवतो, म्हणजे नंतर मीच म्हणायला नको की असं लिहिलंच नव्हतं.

"श्री. शिवाजीराव यांस,

१९९१ साली पंपाची बारा कव्हरं फुकट गेली ती तुमच्यामुळे नव्हे, माझ्यामुळे. फर्म्यावर 'बीड' लिहिलेलं नव्हतं. चौकशीच्या दिवशी सकाळी आठ वाजता ते मी लिहिलं आणि जुनं दिसावं म्हणून त्यावर भुकटी टाकली. तुम्ही साहेबांना आधी सांगितलं तेच खरं होतं. तुमचे डोळे ठीक होते.

हे मी तेव्हा बोललो नाही आणि बदनावरलाही बोललो नाही. फाउंड्री आता बंद आहे, तिथल्या कागदावर दुरुस्ती करणारं कोणी उरलेलं नाही. म्हणून हे सही करून तुमच्याकडे देतो, ज्याला दाखवायचं त्याला दाखवा. खाली हेच हिंदीत पुन्हा लिहिलं आहे, तुमच्या मुलांना आणि नातवंडांना वाचता यावं म्हणून.

माझी नात इरावती आपल्या कामात तुमचं नाव लिहू इच्छिते. कशासाठी, ते ती तुम्हाला माझ्यापेक्षा नीट सांगेल. तुम्ही नको म्हणालात तर लिहिणार नाही.

मला धारला येऊन हे तुमच्या घरी, तुमच्या माणसांसमोर तोंडाने सांगायचं आहे. बोलावणं असेल तर कोणत्याही दिवशी येतो. शिव्या द्यायच्या असतील तरी येतो. मला आता चौऱ्याहत्तरावं वर्ष चालू आहे, तुम्हीही त्याच्या आसपास असाल. दोन ओळी लिहा, नाहीतर खालच्या नंबरावर कोणाकडून तरी निरोप द्या, पण लवकर द्या.

भास्कर"